खिशावरची नॉट कशी मिळते: अमेरिकेतल्या मराठी स्काउट लीडरसाठी सविस्तर मार्गदर्शक

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या कॅफेटेरियात कब स्काउटच्या नोंदणीची संध्याकाळ ठरते. न्यू जर्सी असो की बे एरिया, तिथे हल्ली मराठी आईबाबा हमखास भेटतात. कब स्काउट म्हणजे लहान मुलांचं स्काउटिंग: मुलांचे छोटे गट म्हणजे डेन, सगळ्या डेनचा मिळून पॅक, आणि पॅकचे प्रमुख ते कबमास्टर. मुलांचे फॉर्म भरून होतात आणि मग कबमास्टर विचारतात, "या डेनला लीडर कोण?" तेव्हा ज्यांचा हात वर जातो त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांचा हात गेली काही वर्षं वरच आहे त्यांनी तर तो वाचावाच.

स्काउटिंग अमेरिका ही संस्था १९१० सालची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने हे नाव घेतलं, त्याआधी ती बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका होती. पगारी माणसं थोडी, बाकी सगळा गाडा आपल्यासारख्या स्वयंसेवकांच्या खांद्यावर. या स्वयंसेवकांच्या कामाची दखल घेण्याची एक नीट बसवलेली पद्धत तिथे आहे. लीडरच्या खाकी शर्टावर डाव्या खिशाच्या वर छोट्या आयताकृती कापडी पट्ट्या दिसतात. प्रत्येकीवर एक गाठ भरलेली असते, बहुतेक वेळा रीफ नॉट. सगळे तिला नुसतं 'नॉट' म्हणतात. गाठीच्या आणि कापडाच्या रंगावरून जाणकाराला कळतं, की हा माणूस कशासाठी गौरवला गेला आहे.

आपल्या मंडळींच्या तोंडी यावर एक वाक्य ठरलेलं असतं: "आम्ही काही पुरस्कारासाठी करत नाही हो." भावना खरी आहे, पण त्यामुळे दोन गोष्टी हातच्या जातात. पहिली म्हणजे, प्रशिक्षणाच्या पुरस्कारांचे निकष लिहिलेला कागद हा नव्या लीडरसाठी वर्षभराचा तयार आराखडा असतो, आणि तो न वाचल्यामुळे लोक चाचपडत राहतात. दुसरी म्हणजे, ज्यांच्या कामाकडे कुणी वळून पाहत नाही ते स्वयंसेवक दोन-तीन वर्षांत गुपचूप गळतात. त्यांचा डेन मग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो, नाहीतर मोडतो.

मिळवायचे आणि दिले जाणारे

सगळ्यात आधी ही विभागणी डोक्यात पक्की करा. काही पुरस्कार तुम्ही स्वतः मिळवता: ठरावीक काळ पद सांभाळायचं, प्रशिक्षण घ्यायचं, ठरलेली कामं करायची, कागदावर सह्या घ्यायच्या. डेन लीडर ट्रेनिंग अवॉर्ड, स्काउटर्स ट्रेनिंग अवॉर्ड, स्काउटर्स की हे या गटातले. त्यांचा कागद स्वतःहून भरण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही, तो तसाच भरायचा असतो. वुड बॅजही मेहनतीने मिळवायचाच, फक्त त्याची वाट वेगळी आहे.

दुसऱ्या गटातले पुरस्कार मागता येत नाहीत. युनिट लीडर अवॉर्ड ऑफ मेरिट, डिस्ट्रिक्ट अवॉर्ड ऑफ मेरिट आणि सिल्व्हर बीव्हर यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी तुमचं नामांकन करावं लागतं. (युनिट म्हणजे पॅक किंवा मोठ्या मुलांचा ट्रूप, जवळपासच्या युनिटांचं मिळून डिस्ट्रिक्ट, आणि डिस्ट्रिक्टांच्या वरचं काउन्सिल.) या गटात गुणी माणसं मागे राहतात याचं मुख्य कारण एकच: त्यांच्यासाठी कुणी कागद भरत नाही. त्याबद्दल शेवटी सविस्तर.

पहिला महिना: आयडी, प्रशिक्षण, तारीख

पुरस्कारासाठी धरला जाणारा काळ मोजतात तो तुमच्या अधिकृत नोंदणीपासून. मुलाच्या डेनमध्ये तुम्ही सहा महिने सगळं करत असाल, पण लीडर म्हणून नोंदणी नसेल, तर कागदावर ते सहा महिने शून्य. म्हणून हात वर केलात की त्याच आठवड्यात प्रौढ स्वयंसेवकाचा अर्ज भरा. पार्श्वभूमी तपासणीला संमती द्यावी लागते आणि मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं. जुने लोक त्याला अजून वायपीटी (यूथ प्रोटेक्शन ट्रेनिंग) म्हणतात. ठरावीक काळाने ते पुन्हा करावं लागतं. त्याची मुदत संपली तर नोंदणीचं नूतनीकरण अडतं, आणि नोंदणीत खंड पडला की काळाचा हिशेबही विस्कटतो. कॅलेंडरमध्ये मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

आता आपल्या नावांचा प्रश्न. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. रोजच्या वापरात मधलं नाव गायब. कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं. प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर खातं उघडताना एक नाव आणि अर्जावर दुसरं पडलं, की संगणक तुम्हाला दोन माणसं समजतो आणि दोन मेंबर आयडी तयार होतात. प्रशिक्षण एका आयडीवर, नोंदणी दुसऱ्यावर. मग पुरस्काराच्या वेळी डिस्ट्रिक्टच्या प्रशिक्षणप्रमुखांना तुम्ही 'अप्रशिक्षित' दिसता. असं झालं असेल तर काउन्सिलच्या कार्यालयातल्या रजिस्ट्रारना दोन्ही आयडी आणि जन्मतारीख कळवा, ते दोन्ही खाती जोडून देतात. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात, काउन्सिल बदललं, की पुन्हा हीच तपासणी करा. एच-वनबीवर गावं बदलणाऱ्या घरांत हा घोळ फार होतो.

पदाला लागणारं प्रशिक्षणही पहिल्याच महिन्यात उरका. डेन लीडरचं प्रशिक्षण ऑनलाइन आहे, एका शनिवारी दुपारी होऊन जातं. प्रत्येक अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र पीडीएफ करून जपून ठेवा.

नोंदवही: कंटाळवाणी, पण सगळं तिच्यावर

पुरस्काराचा कागद वर्षाच्या शेवटी आठवणींवरून भरायला बसलात, की निम्मं काम निसटलेलं असतं. त्यापेक्षा पहिल्या दिवशी एक साधी शीट उघडा. रकाने पाच: तारीख, काय केलं, किती मुलं आली, सोबत दुसरा लीडर कोण होता, किती तास गेले. चौथा रकाना महत्त्वाचा, कारण कुठल्याही उपक्रमाला किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हवेत हा नियमच आहे. हा रकाना रिकामा राहायला लागला तर तुम्हाला साहाय्यक शोधायची वेळ आली आहे.

पाचव्या रकान्याचा एक वेगळा फायदा. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने केलेल्या स्वयंसेवेच्या तासांमागे त्या संस्थेला देणगी देतात. तासांची नोंद तयार असली, की कंपनीच्या पोर्टलवर ती भरायला दहा मिनिटं पुरतात आणि पॅकच्या कॅम्पिंगच्या सामानाची सोय होते.

पहिलं वर्ष: डेन लीडर ट्रेनिंग अवॉर्ड

नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. या पुरस्कारासाठी एक वर्ष डेन लीडर म्हणून नोंदणीकृत काम, पदाचं प्रशिक्षण, त्यात भर म्हणून राउंडटेबल (त्याबद्दल पुढे) किंवा तत्सम शिक्षण, आणि यादीतून निवडून काही कामं एवढं लागतं. नेमके निकष अधूनमधून बदलतात, तेव्हा मित्राकडचा जुना कागद वापरू नका. अधिकृत संकेतस्थळावरून त्या वर्षीचा प्रगतिपत्रकाचा कागद उतरवून घ्या आणि सप्टेंबरमध्येच वाचा.

वाचायचा कसा ते सांगते. यादीत साधारण अशा गोष्टी असतात: बैठकांचं वेळापत्रक आधी छापून पालकांना देणं, बहुतेक मुलांना त्या वर्षीची रँक (इयत्तेप्रमाणे मिळवायची पायरी) मिळवून देणं, मुलं पुढच्या वर्षी टिकून राहणं, सेवाकार्य, निसर्गसंवर्धनाचा उपक्रम, साहाय्यक लीडर तयार करणं. कॅलेंडर शेजारी घ्या आणि प्रत्येक कामाला महिना द्या. नोव्हेंबरमध्ये 'स्काउटिंग फॉर फूड' असतं, घरोघरून डबाबंद अन्न गोळा करून फूड बँकेत द्यायचं; म्हणजे सेवाकार्य तिथे बसलं. हिवाळ्यात पाइनवुड डर्बी: पाइनच्या ठोकळ्यातून मुलं गाडी कोरतात, वजन पाच औंसाच्या वर जाता कामा नये, आणि उतारावरून शर्यत लावतात. त्या आधीच्या डेन बैठकीत गाड्यांचं कापकाम एकत्र करा. ज्या घरात करवत नाही त्या घरातलं मूल मागे पडत नाही आणि तुमच्या बैठकीला उपस्थितीही भरपूर मिळते. फेब्रुवारीत ब्लू अँड गोल्ड बॅन्क्वेट, तिथे अनेक पॅकमध्ये रँक दिल्या जातात. म्हणजे रँकचं बरंचसं काम जानेवारीअखेर संपलं पाहिजे, हे उलटं मोजून कळतं.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. सप्टेंबर-ऑक्टोबर हा डेनचा पाया घालायचा काळ, आणि नेमके तेव्हाच गणपती, नवरात्र, मग दिवाळी, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, शनिवार-रविवारची मराठी शाळा. वेळापत्रक छापताना हे वार आधी मोकळे ठेवा आणि साहाय्यक लीडर म्हणून शक्यतो दुसऱ्या समाजातला पालक घ्या. तुमच्या सणाला तो डेन सांभाळेल, त्याच्या सणाला तुम्ही.

राउंडटेबल म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या लीडरांची मासिक बैठक. ऑनलाइन किंवा कुठल्या तरी चर्चच्या हॉलमध्ये भरते. नवे लोक टाळतात, कारण आठवड्याच्या मधली संध्याकाळ जाते. तरी जा. तिथे कमिशनर (युनिटांना मदत करणारे स्वयंसेवक) भेटतात, प्रशिक्षणप्रमुख भेटतात, कुठलं मैदान स्वस्तात मिळतं ते कळतं. तुमच्या कागदावर ज्यांची सही लागणार आहे ती माणसं तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात, हा लाभ वेगळाच. बऱ्याच काउन्सिलमध्ये वर्षातून एकदा 'युनिव्हर्सिटी ऑफ स्काउटिंग' नावाचा दिवसभराचा वर्गमेळावाही होतो. एका दिवसात खूप शिकता येतं.

वर्ष भरलं की कागद आधी कबमास्टर किंवा कमिटी चेअर यांच्याकडे, मग डिस्ट्रिक्टच्या प्रशिक्षण समितीकडे. ईमेलने पाठवा, सोबत प्रमाणपत्रं जोडा, दोन आठवड्यांनी आठवण करा. हेही सगळे स्वयंसेवकच आहेत, नोकरी करून हे बघतात. आठवण केल्याचा कुणाला राग येत नाही.

त्यापुढच्या पायऱ्या

पॅकमध्ये दोन वर्षं झाली, की स्काउटर्स ट्रेनिंग अवॉर्डचा कागद पाहा. तो कमिटीत काम करणाऱ्यांनाही मिळू शकतो. खजिनदार, पॉपकॉर्न विक्री सांभाळणारे, रँकची नोंद ठेवणारे अशा पडद्यामागच्या लोकांना हे बहुधा कुणी सांगतच नाही. तुम्ही सांगा.

स्काउटर्स की ही युनिटच्या प्रमुखाची, म्हणजे कबमास्टर, स्काउटमास्टर यांची. पाच वर्षांच्या काळात मिळून तीन वर्षं ते पद सांभाळलेलं असावं लागतं. मधे वर्षभर भारतात राहून आलात तरी हिशेब जुळू शकतो, म्हणून हा नियम आपल्यासाठी सोयीचा आहे. एका पुरस्कारासाठी धरलेला काळ दुसऱ्यासाठी चालतो का, हे मात्र त्या-त्या कागदावर नीट वाचा आणि प्रशिक्षणप्रमुखांकडून लेखी खात्री करून घ्या.

मैदानी प्रशिक्षण लांबणीवर टाकू नका. पॅकला रात्रीच्या मुक्कामाला न्यायचं तर 'बालू' हे प्रशिक्षण घेतलेला लीडर सोबत लागतो, आणि स्काउटमास्टरच्या पूर्ण प्रशिक्षणात 'आयओएलएस' (मैदानी कौशल्यांची ओळख) येतं. दोन्ही प्रत्यक्ष मैदानात, तंबूत राहून. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तंबूत झोपणं शाळेतल्या स्काउट-गाइडच्या शिबिरापाशीच थांबलेलं असतं. खरी कमाई, शेकोटी, दोरीच्या गाठी हे ज्यांनी तिथे केलं आहे, त्यांना इथे उजळणी पुरते. ज्यांनी केलं नाही त्यांनी तर अवश्य जावं, कारण घाबरलेला लीडर मुलांना कॅम्पला नेतच नाही.

वुड बॅज

वुड बॅज ही जगभरच्या स्काउटिंगमधली मानाची खूण. पहिलं शिबिर १९१९ मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला झालं. बेडन-पॉवेल यांनी झुलू राजा दिनुझुलूची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या माळेतले लाकडी मणी तिथल्या प्रशिक्षणार्थींना दिले, आणि चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन मणी ही तेव्हापासूनची खूण. सोबतच्या स्कार्फवर मॅक्लारेन घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा असतो, कारण गिलवेलची जागा घ्यायला पैसे त्या घराण्यातल्या गृहस्थांनी दिले होते. अमेरिकेतलं पहिलं नियमित शिबिर १९४८ साली न्यू जर्सीतल्या शिफ स्काउट रिझर्व्हेशनमध्ये झालं, म्हणजे एडिसन-प्लेन्सबरोकडच्या मंडळींच्या अगदी अंगणात.

सध्याचं शिबिर पाच दिवसांचं, बहुधा दोन वीकेंडमध्ये विभागलेलं. खरी परीक्षा नंतर: 'तिकीट'. स्वतःच्या युनिटसाठी पाच उद्दिष्टं लिहायची आणि १८ महिन्यांत पुरी करायची. इथे लोक अडकतात, कारण शिबिराच्या उत्साहात उद्दिष्टं आभाळाएवढी लिहिली जातात. 'पॅकमध्ये विविधता वाढवीन' हे उद्दिष्ट मोजताच येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पहिल्यांदा कॅम्पला येणाऱ्या कुटुंबांसाठी मे महिन्यात शाळेच्या मैदानावर एक संध्याकाळ घेईन, प्रत्येक कुटुंब स्वतःच्या हाताने एक तंबू उभारेल, आणि जूनच्या कॅम्पसाठी शाकाहारी जेवणाची यादी सामानासकट लिहून पॅककडे देईन.' कधी झालं, कोण आलं, मागे काय उरलं, हे तिन्ही सांगता येतं. माझं ठाम मत आहे, की पाचातली निदान दोन उद्दिष्टं तुम्ही पॅक सोडल्यावरही चालू राहतील अशी असावीत.

शिबिरांच्या जागा आधीच भरतात. फी न झेपणारी असेल तर काउन्सिलकडे शिष्यवृत्ती आहे का ते विचारा, अनेक ठिकाणी असते. रजा मात्र आधी टाका. शिबिराला बहुधा शुक्रवारही जोडलेला असतो.

मिळाल्यावर: शर्ट आणि समारंभ

नॉट डाव्या खिशाच्या वर, एका ओळीत तीन, नवी ओळ वरच्या बाजूला. हाताने शिवा, चिकटवलेली पट्टी दोन धुण्यांत सुटते. पुरस्कार टपालाने घरी मागवू नका. पॅकच्या मासिक बैठकीत, मुलांसमोर द्या. मुलांना वाटतं, बॅज फक्त आपल्यालाच मिळवावे लागतात. आपल्या लीडरलाही शिकावं लागलं, हे त्यांना तिथे दिसतं.

नामांकन: दुसऱ्यासाठी लिहायचा कागद

आता दुसरा गट. युनिट लीडर अवॉर्ड ऑफ मेरिट हा कबमास्टर, स्काउटमास्टर अशा प्रमुखांसाठी. किमान १८ महिने सलग पद आणि पूर्ण प्रशिक्षण हवं. नामांकन कमिटी करते, आणि ट्रूपमध्ये त्याला मुलांचीही संमती लागते. डिस्ट्रिक्ट अवॉर्ड ऑफ मेरिट डिस्ट्रिक्टची समिती ठरवते. साधारण २५ युनिटांमागे वर्षाला एक अशी मर्यादा असते. सिल्व्हर बीव्हर काउन्सिलचा सर्वोच्च सन्मान, १९३१ पासूनचा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या फितीवर घालायचा. तिथे ६० युनिटांमागे एक. १९७१ ते १९७४ या काळात स्त्रियांसाठी सिल्व्हर फॉन नावाचा वेगळा पुरस्कार होता, नंतर सिल्व्हर बीव्हरच सर्वांना खुला झाला. आज डेन चालवणाऱ्या आयांची संख्या पाहता त्यांची नामांकनं आणखी जायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

डिस्ट्रिक्ट अवॉर्ड ऑफ मेरिट आणि सिल्व्हर बीव्हर यांचं नामांकन कुणीही नोंदणीकृत स्वयंसेवक करू शकतो. तुम्ही पहिल्याच वर्षाचे डेन लीडर असाल तरी. आणि ज्याचं करायचं त्याला कळू द्यायचं नाही. निवड झाली नाही तर वाईट वाटायला नको, हा त्यामागचा विचार. मग माहिती जमवायची कशी? जोडीदाराला विश्वासात घ्या. "वहिनी, दादांनी कुठल्या वर्षी काय काय केलं ते जरा शांतपणे लिहून द्याल का? त्यांना मात्र सांगू नका," एवढं म्हटलं, की जुने फोटो, ईमेल, प्रमाणपत्रं सगळं हाती येतं. स्काउटिंगबाहेरचं कामही विचारा. मंदिरातली सेवा, मराठी शाळेत शिकवणं, महाराष्ट्र मंडळाचा रक्तदानाचा कार्यक्रम, ग्रंथालयात मुलांना गणित शिकवणं: डिस्ट्रिक्ट अवॉर्ड ऑफ मेरिटमध्ये मुलांसाठी बाहेर केलेली सेवाही धरतात. आपली माणसं ही कामं सांगतच नाहीत, आणि समितीला ती आपोआप कळायला मार्ग नाही.

लिहिताना विशेषणांचा मोह आवरा. समिती एका बैठकीत पुष्कळ अर्ज वाचते. 'अतिशय समर्पित, कष्टाळू, मुलांची लाडकी' हे प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी नमुना असा: 'त्या डेन लीडर झाल्या तेव्हा डेनमध्ये चार मुलं होती. दोन वर्षांनी अकरा झाली, आणि त्यातली नऊ पुढे ट्रूपमध्ये गेली. ज्या घरांत इंग्रजी कमी बोललं जातं त्यांना त्या दर बैठकीआधी फोन करत.' आकडा, बदल, आणि एक गोष्ट जी त्यांच्याशिवाय कुणी केली नसती. पदाच्या कर्तव्यापलीकडचं काय, हाच समितीचा प्रश्न असतो, तेव्हा तुमचं पहिलं वाक्य त्याचंच उत्तर असू द्या. पाठिंब्याची पत्रं घेतलीत तर वेगवेगळ्या कोनांतून घ्या: एक पालक, एक कमिशनर, एक मोठा झालेला स्काउट.

अंतिम तारखा काउन्सिलप्रमाणे बदलतात. बऱ्याच ठिकाणी त्या समारंभाच्या काही महिने आधीच असतात. राउंडटेबलला विचारून सप्टेंबरमध्येच टिपून ठेवा. अर्ज पाठवण्याआधी नोंदणी चालू आहे का आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची मुदत शिल्लक आहे का, हे पॅकच्या कमिटी चेअरकडून तपासून घ्या, कारण चांगला अर्ज यावरून परत येऊ शकतो. निवड झाली नाही तर तो अर्ज पुढच्या वर्षी आपोआप विचारात घेतला जाईल असं गृहीत धरू नका. मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा, त्या वर्षीच्या कामाचा नवा परिच्छेद वर जोडा आणि पुन्हा पाठवा.